सर्जेरावांचा डबा

बजाजनगरात दिवेलागणीला लाइट गेली, यात नवल ते काय! पण त्या संध्याकाळी ती गेली नसती, तर कामगारांच्या खोल्यांच्या त्या दुमजली इमारतीत, जिन्याच्या वळणावर तनुजा एका अनोळखी माणसावर आदळली नसती आणि पुढचं रामायणही घडलं नसतं.

आदळली म्हणजे चांगलीच आदळली. त्याच्या हातातली रिकाम्या डब्यांची पिशवी खणखणली, तिचा मोबाइल दोन पायऱ्या खाली गेला, आणि अंधारात दोघं एकदमच म्हणाली, "सॉरी—"

"लागलं का?" त्यानं विचारलं.

"मला नाय. डब्याला पोचा नाय ना आला?"

"माणसाला लागलं का ते कुणी विचारायचं मग?" अंधारातला आवाज हसला. "कळलं. तुम्ही तनुजा मॅडम. डब्यांच्या कंपनीतल्या."

"आणि तुम्ही मेसवाले मंदार. फोनवर तुमचा आवाज म्हाताऱ्या माणसाचा वाटतो."

"फोनवर सर्दी होती," तो जरा दुखावल्यासारखा म्हणाला.

तनुजा मूळची पैठणकडची. घरी ऊस, मोसंबी आणि 'पोरीची जात, मशिनीच्या नादी कशाला लागते' म्हणणारी आत्या. सगळ्यांना पुरून उरून ती इंजिनिअर झाली, वाळूजच्या एका भांड्यांच्या कारखान्यात लागली, आणि आता तिच्या स्वतःच्या डोक्यातून निघालेली पहिली वस्तू जन्माला येत होती. जेवणाचा डबा. साधासुधा नाही. ज्याचा डबा त्याच्याच अंगठ्यानं झाकणाचं कुलूप उघडायचं. झाकणाच्या आत बटणाएवढी चकती, तिच्यामुळे डबा कधी उघडला आणि आतलं जेवण किती गरम होतं, ते तनुजाच्या मोबाइलवर दिसायचं. बाजारात आणण्याआधी डबा खऱ्या माणसांच्या हातात देऊन बघायचा, म्हणून काही नमुने तिनं टेम्पोतून प्रमोदिनीकाकूंच्या मेसला धाडले होते. मंदार हा काकूंचा पुतण्या, तोच ते घरोघर पोचवायचा.

सगळे डबे शहाण्या पोरांसारखे वागत होते. एक सोडून. सात नंबरच्या डब्यासाठी कुणी अंगठाच दिला नव्हता. तो उघडायलाच नको होता. तरी रोज दिवेलागणीला तो उघडायचा, आणि उघडताक्षणी आतलं गरम जेवण बर्फासारखं गार पडल्याचं मोबाइल सांगायचा. चकती बिघडली असणार, म्हणून ती स्वतःच बघायला आली होती.

तिनं चाचपडत मोबाइल उचलला, त्याच्या उजेडात पिशवीतून सात नंबर बाहेर काढला आणि चटकन हात मागे घेतला. बोटं चिकटतील इतका गार डबा.

"हा कुणाचा?"

"सर्जेरावांचा. वरच्या मजल्यावर, शेवटची खोली."

ती वर गेली. मंदार तिच्या मागे. शेवटच्या खोलीच्या दाराला कुलूप होतं, कुलपावर गंज, आणि कडीपासून चौकटीपर्यंत कोळ्याचं जाळं. ते जाळं कुठंही तुटलं नव्हतं.

"इथं तर कुणी राहत नाय."

"हं."

"मग डबा कोण खातं?"

"सर्जेराव," मंदार म्हणाला. इतक्या साधेपणानं, की तनुजाच्या अंगावर सर्रकन काटा आला.

नेमकी तेव्हाच लाइट आली. तिनं वळून पाहिलं आणि त्याचा चेहरा पहिल्यांदा तिला दिसला. हसरे, थोडे थकलेले डोळे, आणि डाव्या भुवईवर ज्वारीचं पीठ. विचारायचं होतं कुलपाबद्दल. तोंडातून निघालं, "तुमच्या... तुमच्या भुवईला पीठ लागलंय."

"लागलं असेल की," तो ओशाळून भुवई पुसत म्हणाला. पुसली ती उजवी. "चहा घ्याल? काकू वाट बघत असेल."

शहाण्या मुलीनं तिथून तडक घरी जायला हवं होतं. तनुजा चहाला गेली.

त्या चहानंतर ती रोजच जायला लागली. कारण अर्थातच कामाचं होतं! डबे तपासायचे होते ना. काकूंच्या स्वयंपाकघरात भाकऱ्यांची थप्पी चढायची, मंदार विळीशी बसून कांदा चिरायचा आणि दोघांचं रोज तेच भांडण व्हायचं. 'अहो मॅडम'चं 'अगं तनुजा' कधी झालं, ते त्या दोघांना कळलं नाही. काकूंना कळलं. त्या नुसत्या भाकरी थापत राहिल्या.

"माझं काम बघ," ती म्हणायची. "आधी चित्र, मग साचा, मग नमुना. नमुना आपटायचा, उकळायचा, तुडवायचा. सगळ्यात पास झाला तरच माणसाच्या हातात. आणि तुमचं? आज मीठ जास्त पडलं तर?"

"उद्या कमी."

"म्हणजे गिऱ्हाइकावरच प्रयोग!"

"मग कुणावर करू? भिंतीवर?" मंदार कांद्यानं आलेलं पाणी बाहीला पुसायचा. "तुझा डबा तू घरी झोपलेली असलीस तरी डबाच असतो. कपाटात ठेव, वर्षानं काढ. माझं तसं नाही. जेवणारा समोर आला की माझं काम सुरू होतं, तो उठला की संपतं. कपाटात काय ठेवू?"

"म्हणूनच तुमच्याकडं नवीन काही होत नाय."

"होत नाही? अगं, काकूनं शनिवारच्या डब्यात लिंबाची फोड घालायला सुरुवात केली. कुणीतरी म्हणालं, तोंडाला चव नाही, म्हणून. पुढच्या शनिवारी बजाजनगरातल्या सगळ्या मेसमध्ये लिंबू! तुझ्या झाकणावर तू नाव नोंदवून घेशील. लिंबाच्या फोडीवर कुणाचं नाव नोंदवायचं?"

तनुजानं त्याच्या पुढ्यातली काकडी उचलून खाल्ली. तो बघत राहिला. तिलाही ते बघणं कळलं, आणि काकडी एकदम फार गोड लागली.

मेसचा एक नियम मात्र तिला चमत्कारिक वाटायचा. डबा बंद करायचा तर ज्याचा त्यानं येऊन स्वतःच्या तोंडानं 'उद्यापासून नको' म्हणायचं. निरोप चालत नाही. पूर्वी कधीतरी भांडलेल्या खोलीसोबत्यानं खोटा निरोप दिला होता आणि एक तापानं फणफणलेला पोरगा उपाशी राहिला होता. तेव्हापासून काकूंनी हे धरलं ते धरलं.

"आणि सर्जेराव?" एका संध्याकाळी तिनं विचारलंच.

काकूंचा भाकरीवरचा हात थांबला. मंदारनं तिच्याकडे पाहिलं. "बघायचंय?" तो हळूच म्हणाला. "भिशील."

"तू असशील ना?"

"मी असेन."

"मग नाय भिणार."

मार्गशीर्षाची थंडी पडली होती. दोघं त्या वरच्या मजल्यावर, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली. मंदारनं डबा बंद खोलीच्या खिडकीत, गजांच्या आत सरकवून ठेवला होता. खाली कुणाच्या तरी टीव्हीचा आवाज येत होता. पायरी अरुंद होती, त्यामुळे खांद्याला खांदा लागत होता, आणि दोघंही पायरी अरुंद असल्याची तक्रार करत नव्हती.

"थंडी वाजते?"

"नाय."

"मग थरथरतेस कशाला?"

"तूच थरथरतोयस," ती पुटपुटली.

खालचा टीव्ही बंद झाला आणि टक्... झाकणाचं कुलूप आपोआप उघडलं. पिठल्याची ऊन ऊन वाफ खिडकीतून बाहेर आली. मग आतून आवाज आला. बुक्कीचा. कुणीतरी फरशीवर कांदा ठेवून बुक्कीनं फोडला होता. मग सावकाश भाकरी मोडल्याचा आवाज. मग घटाघटा पाणी. दिवसभर राबलेला माणूस जेवतो तसं, मन लावून केलेलं जेवण. बाहेर कुलपावरचं जाळं हललंसुद्धा नाही.

तनुजानं मंदारचा हात कधी धरला, ते तिला कळलं नाही. किंचाळायचं होतं, पण त्या जेवणाऱ्या माणसाचा घास अडेल असं वाटून तिनं ओठ दाबून धरले.

झाकण पुन्हा टक् झालं. मंदारनं डबा काढून तिला दाखवला. लख्ख पुसलेला, गारढोण, आणि तळाशी चिमूटभर काळी रेती.

"दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं ना," तो म्हणाला. "लोक साखर घालतात. ते फाउंड्रीत होते, काळ्या रेतीच्या साच्यांत लोखंड ओतायचे. त्यांच्यापाशी हीच."

मग त्यानं सांगितलं. सर्जेराव अंबडकडचे, एकटे जीव. गेल्या वर्षी दिवाळीला गावी निघाले तेव्हा काकूंना म्हणाले, 'सोमवारी येतो, माझा डबा चालूच ठेवा.' वाटेत हायवेला त्यांच्या गाडीला अपघात झाला. सोमवारी काकूंनी रडत रडत डबा भरला, नुसता मनाच्या समाधानासाठी खिडकीत ठेवला. तो रिकामा परत आला.

"खोलीत दुसरं कुणी टिकत नाही. एक संध्याकाळ झाली की सामान उचलतात. आणि मी..." तो थांबला. "मी खरं तर मेस गुंडाळायलाच आलो होतो, तनुजा. काकूचे गुडघे गेलेत. तिला पुण्याला न्यायचं, माझी जुनी नोकरी पुन्हा धरायची. साहेब अजून बोलावतात. पण काकू म्हणते, सर्जेराव स्वतःच्या तोंडानं नको म्हणेपर्यंत चूल बंद होणार नाही. ते म्हणतील त्या दिवशी निघू."

म्हणजे हा डबा थांबला की मंदार जाणार. हात तिच्या हातात होता अजून. तनुजानं त्या बंद दाराकडे पाहिलं आणि मनातल्या मनात, देवाची क्षमा मागून, म्हणाली, भाऊ, पोटभर जेवत जा. लई वर्षं जेवा.

प्रेमात पडलेल्या माणसाला भुताचाही आधार वाटतो, तो असा!

पण पोटापाण्याचं कामही होतंच. संक्रांतीच्या आधी मोनिका मॅडमनी, म्हणजे तनुजाच्या साहेबांनी, तिला बोलावून घेतलं. मोठे पाहुणे येणार होते. डबे दिवेलागणीला कसे उघडतात, ते त्यांना मोठ्या पडद्यावर दाखवायचं होतं.

"हा सात नंबर काय प्रकार आहे? अंगठा नसताना उघडतो? हे दिसलं तर आपलं कुलूपच खोटं ठरेल. खराब पीस आहे, काढून टाक."

"मॅडम, एक दिवस बंद ठेवते. फक्त उद्या."

आणि तिनं कारखान्याच्या खास किल्लीनं, मोबाइलवरूनच, सात नंबरचं कुलूप पक्कं केलं. मंदारला सांगितलं नाही. एका दिवसाचं काय एवढं? कारखान्यात मशीन एक दिवस बंद राहिलं तर दुसऱ्या दिवशी दीड पाळी करून माल भरून काढतात. तिला तेवढंच ठाऊक होतं. आजची भूक उद्या भागवता येत नाही, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

पाहुणे खूश झाले. मॅडमनी पाठ थोपटली. तनुजा आपल्या खोलीवर परतली तेव्हा अंधार पडला होता. तिची खोली बजाजनगरातच, तळमजल्यावर. मंदार नुकताच तिचा डबा दारात ठेवून गेला होता. तिनं तो टेबलावर ठेवला आणि मोबाइल पाहिला.

सात नंबर. उघडण्याचा प्रयत्न, अयशस्वी.

ती बघत असतानाच खाली दुसरी ओळ उमटली. उघडण्याचा प्रयत्न, अयशस्वी. मग तिसरी. मग एकामागून एक, घाईघाईनं, पडदा भरून गेला... आणि एकदम सगळं थांबलं.

तिनं कुलूप सोडवायची किल्ली दाबली. गल्लीतली कुत्री भुंकत होती, तीही गप्प झाली. टेबलावरच्या तिच्या स्वतःच्या डब्यावर दव जमलं.

दारावर थाप पडली. अगदी हलकी, परक्याच्या दारी वाजवतात तशी.

"ताई... माझा डबा आला नाय वो आज."

दार नुसतं लोटलेलं होतं, ते आपसूक उघडलं. उंबऱ्याबाहेर कुणीतरी उभं होतं. चेहरा दिसत नव्हता, टोपी हातात घेतल्यासारखी दिसत होती. तापलेल्या लोखंडाचा वास आला. रागाचा लवलेश नव्हता त्या आवाजात. राग असता तर बरं झालं असतं.

"सांच्यापारी बसून होतो. उघडंना. म्हटलं, काय चुकलं का माझं?"

तनुजाला भीती होतीच, पण ते वाक्य भीतीहून मोठं होतं. तिच्या घरी दारी आलेला माणूस उपाशी गेला नव्हता कधी. ती उठली. स्वतःचा डबा उघडला, ताट घेतलं, उंबऱ्याच्या आतल्या बाजूला बसली आणि ताट बाहेर सरकवलं.

"तुमचं नाय चुकलं, भाऊ. माझं चुकलं. बसा."

ते बसले. तिनं भाकरी वाढली, वांग्याची भाजी वाढली. समोर पाहायचा धीर नव्हता, ती ताटाकडेच बघत होती. भाकरी कमी होत गेली.

"अजून वाढू?"

उत्तर नाही. तिला वाटलं, गेले. मग आवाज आला, ओला.

"लई दिसांनी कुणी वाढलं, ताई. डबा रोज येतो. वाढू का, असं कुणी म्हणत नाय."

तिनं दुसरी भाकरी वाढली. डोळ्यांतलं पाणी ताटात पडू नये म्हणून मान वळवली. आपण डब्याला कुलूप केलं, चकती केली, गरम राहावं म्हणून दुहेरी पत्रा केला. समोर बसून 'लाजू नका, घ्या' म्हणणारं माणूस काही त्यात घालता आलं नव्हतं.

"लाजू नका भाऊ, घ्या. अजून अर्धी?"

"बास, ताई." ताटावर हात आडवा धरल्यासारखी सावली हलली. "पोट भरलं. लई भरलं. आता उद्यापास्नं डबा नको. काकूंना सांगा तेवढं."

वारा नव्हता, तरी दार हलकेच लोटलं गेलं. बाहेर कुत्री पुन्हा भुंकू लागली. ताट लख्ख होतं, आणि काठाशी काळ्या रेतीची चिमूट.

तनुजा कितीतरी वेळ तशीच बसून होती. आधी रडली. मग तिला बरं वाटलं. आणि मग, रेती पुडीत बांधता बांधता, तिला ते शब्द पुन्हा ऐकू आले. काकूंना सांगा तेवढं. सांगितलं की चूल बंद. चूल बंद झाली की मंदार पुण्याला.

तिनं सांगितलं नाही. मेसमध्ये निरोप चालतच नाही मुळी, असं तिनं स्वतःला समजावलं. नियम म्हणजे नियम!

दुसऱ्या दिवशी मात्र पंचाईत आली. कुलूप मोकळं होतं, पण दिवेलागण झाली तरी सात नंबर उघडेना. मंदार फेरी संपवून डबा न्यायला येईल, आणि भरलेला डबा पाहील. तनुजा धावतच त्या जिन्यानं वर गेली. खिडकीतून डबा काढला, कारखान्याच्या किल्लीनं उघडला आणि पायरीवर बसून खायला लागली.

सर्जेराव भट्टीपुढचे गडी. काकू त्यांच्यासाठी ठेचा करायच्या तो त्यांच्या तब्येतीला साजेसा. पहिल्याच घासाला तनुजाच्या कानातून धूर निघाला. तरी तिनं पिठलं संपवलं, भाकऱ्या संपवल्या, बुक्कीनं फोडायला गेली तर कांदा घरंगळत जिन्यावरून खाली गेला. डबा ओढणीनं पुसला. काळी रेती घरी राहिली होती. शेजारी बांधकाम चाललं होतं, तिथली चिमूटभर घातली. आणि ती खांबाआड लपली.

मंदार आला. डबा उचलला. हातातच धरून उभा राहिला. झाकण उघडून आत पाहिलं, चिमूट बोटांत घेऊन चोळली. मग शांतपणे म्हणाला,

"बाहेर ये, तनुजा."

खांबामागून उचकीचा आवाज आला.

"डबा कोमट आहे," तो म्हणाला. "आणि ही वाळू पिवळी आहे. सर्जेराव फाउंड्रीतून बांधकामावर कधी लागले?"

ती बाहेर आली. डोळे लाल, नाक लाल, ओठ सुजलेले. उचकी काही थांबेना.

"गेले ना ते?" त्यानं विचारलं.

तिनं मान डोलावली. मग उचक्या देत देत सगळं सांगितलं. कुलूप घातल्याचं, पडद्यावरच्या ओळींचं, उंबऱ्यावरच्या जेवणाचं. 'बास' म्हणाले ते सांगितलं तेव्हा मंदारनं कठड्याला टेकून चेहरा दोन्ही हातांनी झाकून घेतला. इतके दिवस त्यानं डबा पोचवला होता, निरोप मात्र त्याला घेता आला नव्हता.

"आम्हाला कधी सुचलंच नाही," तो म्हणाला. "ठेवायचो आणि निघून जायचो. घाबरायचोच ना. समोर बसून वाढावं, असं वाटलंच नाही कधी."

"मलाबी नव्हतं वाटलं. ते दारात आले म्हणून."

आत खोलीत काहीच आवाज नव्हता. कांदा नाही, पाणी नाही. आजवर त्या आवाजांची भीती वाटायची. आज त्या शांततेनं दोघांच्या अंगावर शहारा आला.

"पण मग..." मंदारनं डबा पुढे केला. "हे कशाला? मला सांगायचं सोडून, चोरून खाल्लंस?"

"व्हय."

"का?"

"तू जाशील म्हणून."

ते इतकं पटकन निघून गेलं तोंडातून, की परत घ्यायला वेळच मिळाला नाही. मग तिनं परत घेतलंही नाही. "रोज खाल्लं असतं मी," ती म्हणाली. "ठेच्यासकट. मेलेल्या माणसाच्या आडून तुला अडवून धरलं, पाप लागेल मला, ठाऊक आहे. पण तू पुण्याला गेलास तर मी इथं कुणाशी भांडू? मला... मला नाय राहवायचं, मंदार."

आणि उचकी.

तो एक पायरी चढून वर आला. इतका जवळ, की ठेच्यानं तापलेल्या गालाला त्याचा श्वास गार लागला.

"उचकी लागली की म्हणतात, कुणीतरी आठवण काढतंय," तो म्हणाला. "मी तर इथंच उभा आहे. आणखी कोण आहे?"

"चेष्टा करू नकोस, तोंड पेटलंय माझं."

"सगळं खाल्लंस? अख्खा ठेचा?"

"अख्खा."

"वेडे," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे पुन्हा भरून आले. "पुण्याच्या साहेबांना मी पंधरा दिवसांपूर्वीच कळवलंय, येत नाही म्हणून. काकूला सांगितलं, तुला सांगायचा धीर होईना. मला वाटलं, तुझा डबा पास झाला की तू निघून जाशील. तुमचं काय, वस्तू झाली की काम झालं."

तनुजानं त्याच्याकडे पाहिलं. म्हणजे ती सबंध भीती, तो सबंध ठेचा, फुकट? तिनं त्याच्या दंडावर एक गुद्दा हाणला. चांगला जोरात.

"आई गं! अगं, कांदा फोडायला का नाही वापरलास हा?"

ती हसली, आणि हसता हसता रडली, आणि त्यानं तिला जवळ घेतलं तेव्हा त्याच्या शर्टाला फोडणीचा वास येत होता. संध्याकाळ दाटत चालली होती. बंद दाराच्या कुलपावरचं जाळं, इतके महिने न तुटलेलं, मधोमध तुटून वाऱ्यावर लोंबत होतं. दोघांनीही ते पाहिलं. तिनं त्याचा हात आणखी घट्ट धरला.

"काकूला सांगायला हवं," मंदार म्हणाला.

"कुठलं? सर्जेरावांचं, का आपलं?"

"आधी त्यांचं. त्यांना खूप ताटकळायला लागलंय." त्यानं डबा तिच्या हातात दिला, अजून तिच्याच हातांनी कोमट असलेला. "आपलं तिला माहीत आहे."

दोघं जिना उतरू लागली. खालच्या वळणावर, जिथं पहिल्यांदा टक्कर झाली होती त्याच्या जरा अलीकडे, तनुजा थांबली. "मंदार, एक विचारू? तुझा विश्वास आहे, ते खरंच गेले असतील?"

तो थोडा वेळ ऐकत राहिला. वरून काही आवाज आला नाही.

"तू वाढलंस ना त्यांना," तो म्हणाला. "मग गेले असतील. चल, तुला आधी गूळ खायला देतो."